नेच्याच्या गोष्टीतलं मधलं झाड गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बिनबियांच्या वनस्पतींवर अख्खं पान आलं, बघून फार आनंद झाला, कारण पेपरात झाडांवर लिहायचं म्हटलं की फुलं, फळं, फार तर औषधी वनस्पती, नेचे (फर्न) आणि मॉस यांच्या वाट्याला सहसा काहीच येत नाही. फोटो सुंदर होते, माहितीही बरीचशी बरोबर होती. पण त्यात एक वाक्य होतं की पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतून बीजाणू बाहेर पडतात, जमिनीवर पडतात आणि त्यातून नवीन नेचा उगवतो. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. कारण हेच वाक्य मी गाइडांमध्ये वाचलंय, व्हिडिओंमध्ये ऐकलंय, वर्षानुवर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत तपासलंय, आणि दरवेळी त्या वाक्यात एक पूर्ण झाड गायब झालेलं असतं.

बीजाणूतून नेचा उगवत नाही हो. कधीच नाही. बीजाणूतून उगवतं ते वेगळंच एक झाड, त्याला खोड नाही, खरी मुळं नाहीत, आपण नेच्याचं म्हणून ओळखतो तसं पान नाही, आणि त्या झाडावर नर आणि मादी पेशी तयार होऊन त्यांचं मिलन झालं की त्यातून जो जन्माला येतो तो नेचा. म्हणजे नेच्याचं पोर नेचा नसतोच, नातवंड नेचा असतं. मधली पिढी पूर्ण वेगळी, स्वतंत्र, स्वतःचं अन्न स्वतः बनवणारी, आणि ज्याला आपण पुनरुत्पादन म्हणतो, म्हणजे शुक्रपेशी, अंडपेशी, फलन, ते सगळं त्या मधल्या पिढीत होतं. तेच गाळलं तर मग उरलं काय.

आता पहिल्यापासून सांगते. नेच्याचं मोठं पान उलटं केलं की मागे ठिपके किंवा रेघा दिसतात, नेफ्रोलेपिसमध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचे, टेरिसमध्ये पानाच्या कडेने सलग, एडिअँटममध्ये पानाची कडाच मागे दुमडून त्याखाली लपलेले. पुष्कळ लोक ही कीड समजून औषध फवारतात किंवा पान कापून टाकतात, तर तसं अजिबात करू नका. कीड असली तर ती वेडीवाकडी कुठेही असते, खोडावर, शिरांवर, पानाच्या वरच्या बाजूला पण, आणि नखाने सहज निघते. हे ठिपके मात्र सगळ्या पानभर ठरलेल्या अंतरावर ठरलेल्या जागी असतात. साधं दहापट लेन्स घेऊन एका ठिपक्याकडे बघा. तो एक ठिपका नसतोच, देठ असलेल्या बारीक बारीक गोळ्यांचा झुबका असतो, आणि प्रत्येक गोळी म्हणजे एक बीजाणुधानी. बहुतेक नेच्यांमध्ये एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू. हा आकडा कुठून येतो तर १६ मातृपेशी असतात आणि प्रत्येकीचं अर्धसूत्री विभाजन होऊन ४ बीजाणू होतात. म्हणजे गुणसूत्रांची संख्या इथेच निम्मी होते, पानाच्या मागे, आणि फलन तर अजून कुठेच नाही. प्राण्यांमध्ये अर्धसूत्री विभाजन झालं की थेट अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होते, इथे तसं नाही, आणि मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

ही बीजाणुधानी उघडते कशी तेही बघण्यासारखं आहे, आणि 'बाहेर पडतात' या दोन शब्दांत ते कसं मावणार. तिच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींची एक रांग असते, साधारण बारा-तेरा पेशी, तिला अ‍ॅन्युलस म्हणतात. या पेशींच्या आतल्या आणि बाजूच्या भिंती जाड, बाहेरची मात्र पातळ. हवा कोरडी झाली की पेशीतलं पाणी पातळ भिंतीतून उडायला लागतं, पाणी कमी झालं की ती भिंत आत ओढली जाते, सगळ्या पेशींचं असं झालं की अख्खी रांग उलट्या बाजूला वळायला लागते आणि बीजाणुधानी फाटून उघडते. उघडते, अजून मागे मागे वाकत जाते, बीजाणू अजून तिच्यातच धरलेले, आणि आतलं पाणी इतकं ताणलं जातं की एका क्षणी ते तुटतं, पेशींमध्ये बुडबुडे तयार होतात आणि सगळा ताण एकदम सुटतो. रांग झटक्यात पुढे येते आणि बीजाणू फेकले जातात, सेकंदाला १० मीटरपर्यंत वेगाने. २०१२ साली हे हायस्पीड कॅमेऱ्याने नीट मोजलं गेलं आणि त्यात दिसलं की ती रांग आधी अर्ध्यापर्यंत झपकन येते आणि उरलेलं अंतर हळू जाते, कारण पेशीभिंतीतून पाणी सरकायला वेळ लागतो. कॅटापल्टमध्ये, म्हणजे दगड फेकायच्या जुन्या यंत्रात, फिरता हात अडवून दगड सोडायला जो आडवा दांडा लागतो त्याचं काम हा उशीर करतो, वेगळा दांडा लागतच नाही. पिकलेलं पान मायक्रोस्कोपखाली ठेवून जवळ दिवा लावा, दिव्याच्या उष्णतेने पान सुकायला लागलं की गोळ्या एकेक करून उडायला लागतात. ज्या वर्गात हे एकदा दाखवलंय त्या वर्गात अ‍ॅन्युलस काय ते परत विचारावं लागत नाही.

बरं, बीजाणू उडाला. हा काय आहे? एक पेशी. बीमध्ये आत तयार भ्रूण असतो, त्याच्यासोबत अन्नाचा साठा असतो, वर आवरण असतं. बीजाणूत भ्रूण नाही, साठा अगदी नावापुरता, फक्त भिंत जबरदस्त, ती स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाची असते आणि हा पदार्थ इतका चिवट आहे की सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या वनस्पतींचे सगळ्यात जुने पुरावे म्हणून आपल्याला बीजाणूच सापडतात, झाडं नाही. हलका असल्यामुळे तो वाऱ्यावर समुद्र ओलांडून जाऊ शकतो. जातो, पण जिथे पडतो तिथे त्याला सगळं स्वतःच करायचं असतं आणि त्यातल्या बहुतेकांचं काहीच होत नाही.

ज्याला ओल आणि उजेड मिळतो तो फुटतो. आधी पेशींचा एक हिरवा धागा, मग धाग्याचं टोक पसरून पातळ पत्रा, आणि काही आठवड्यांत एक हिरवं, जमिनीला चिकटलेलं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं रोप, मोठं झालं तरी सेंटिमीटरभर, बहुतेकदा त्याहून लहान. बॉटनीत याला प्रोथॅलस म्हणतात, युग्मकोद्भिद असंही पुस्तकात असतं. हेच ते मधलं झाड. बराचसा भाग फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं. खालच्या बाजूने केसांसारखे रायझॉइड निघतात आणि त्यांनी ते मातीला धरून राहतं. याच खालच्या बाजूला, टोकाकडे, रायझॉइडांच्या गर्दीत नर अवयव असतात, अँथेरिडियम, गोल फुगीर, आणि वरच्या खाचेजवळ मादी अवयव, आर्किगोनियम, त्याची मान बाहेर आलेली आणि तळाशी एकच अंडपेशी. दोन्ही जमिनीच्या बाजूला, कारण पाणी तिथेच साचून राहतं.

आणि पाणी लागतंच. नेच्याची शुक्रपेशी पोहत जाते. मळसूत्रासारखी वळलेली असते आणि तिला एक-दोन नाही, डझनावारी कशाभिका, म्हणजे पोहायच्या बारीक शेपट्या, असतात. पाऊस पडला, दव पडलं, मातीवर पाण्याचा नुसता पातळ थर आला तरी पुरे, अँथेरिडियम पाणी लागून फुटतं आणि शुक्रपेशी पोहायला लागतात. आर्किगोनियमची मान उघडते, तिच्यातून चिकट द्रव बाहेर येतो आणि त्यातली रसायनं त्यांना दिशा दाखवतात. नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाकडे वळतात हे विल्हेल्म फेफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्येच दाखवलं होतं, काचेच्या बारीक नळीत मॅलिक आम्ल भरून ती पाण्यात सोडली तर शुक्रपेशी नळीत शिरतात. फलन झालं की गुणसूत्रं परत दुप्पट, आणि त्या अंडपेशीतून नेच्याचं पिल्लू प्रोथॅलसच्या अंगावरच वाढायला लागतं, आधी त्याच्याकडूनच अन्न घेतं, मग एक मूळ खाली, एक छोटं पान खाचेतून वर, आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं की प्रोथॅलस वाळून जातो.

आता तुमच्या लेखातलं ते वाक्य परत वाचून बघा. 'बीजाणू पडतात आणि नेचा उगवतो' यात वरचा एकही शब्द नाही.

मला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे आणि तो तर शाळा-कॉलेजात कुठेच येत नाही. एका बीजाणूतून आलेल्या एका प्रोथॅलसवर नर आणि मादी दोन्ही अवयव असू शकतात. मग त्याने स्वतःच्याच शुक्रपेशीने स्वतःची अंडपेशी फलित केली तर? अख्खा प्रोथॅलस एकाच बीजाणूच्या साध्या विभाजनाने झालेला, म्हणजे त्याची प्रत्येक शुक्रपेशी आणि प्रत्येक अंडपेशी जनुकांच्या बाबतीत तंतोतंत सारखी. त्यातून होणाऱ्या नेच्यात प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती एकदम सारख्या असणार, एका पिढीत. फुलझाडाने स्वपरागण केलं तरी इतकं होत नाही, तिथे पिढ्यानपिढ्या जाव्या लागतात. याचा फायदा मोठा आहे, एकटा बीजाणू कुठल्या तरी बेटावर जाऊन पडला तरी तिथे नेच्याची वस्ती होऊ शकते, जोडीदार लागत नाही. तोटाही मोठा, कारण जे दोष एका प्रतीत झाकलेले असतात ते सगळे उघडे पडतात.

म्हणून बऱ्याच नेच्यांमध्ये एक व्यवस्था आहे. जो प्रोथॅलस आधी उगवतो, भराभर वाढतो, तो मादी किंवा उभयलिंगी होतो आणि आजूबाजूच्या ओलीत एक रसायन सोडतो, त्याला अँथेरिडिओजेन म्हणतात. उशिरा उगवलेल्या शेजाऱ्यांना हे रसायन लागलं की ते लहानच राहतात आणि नर होतात. म्हणजे कोण नर होणार हे गुणसूत्रांवर ठरत नाही, शेजारी कोण आहे आणि तो किती मोठा झालाय यावर ठरतं. लायगोडियम नावाच्या वेलासारख्या नेच्यात २०१४ साली असं दिसलं की मोठे प्रोथॅलस हे रसायन अर्धवट अवस्थेत सोडतात आणि लहान शेजारी ते आत घेऊन स्वतः पूर्ण करतात, म्हणजे संप्रेरकाचं अर्धं काम एका रोपात, अर्धं दुसऱ्यात. हे रसायन जिबरेलिनच्या कुळातलं, जे फुलझाडांमध्येही वाढीचं संप्रेरक आहे. एक पेशी जाडीच्या, मेंदू नाही मज्जातंतू नाहीत अशा रोपांमध्ये हे चाललेलं असतं, आणि आपण मुलांना शिकवतो की नेच्यात विशेष काही नसतं, फुलं नाहीत, बिया नाहीत, पुढचा धडा. मला याचं खरंच वाईट वाटतं.

हे मधलं झाड सापडायलाही माणसाला फार वेळ लागला. युरोपात शतकानुशतकं लोक मानायचे की नेच्याला अदृश्य बी असतं, ते उन्हाळ्यातल्या एका ठरावीक रात्रीच मिळतं आणि ज्याच्याकडे ते असेल तो माणूसही अदृश्य होतो. लिनियसने वनस्पतींचे २४ वर्ग केले त्यात हे सगळे शेवटच्या वर्गात टाकले, क्रिप्टोगॅमिया, म्हणजे ज्यांचं लग्न लपलेलं आहे असे. जमैकात राहणाऱ्या जॉन लिंडसे नावाच्या सर्जनने ती तपकिरी धूळ कुंडीत पेरून नेचे वाढवले आणि ते १७९४ मध्ये छापून आलं, म्हणजे धुळीतून नेचा येतो हे पक्कं झालं, पण मधे काय घडतं ते नाहीच. लोक मोठ्या नेच्याच्या पानावर नर अवयव शोधत राहिले, आणि ते तिथे नव्हतेच. १८४४ मध्ये नेगेलीने प्रोथॅलसवर पोहणाऱ्या मळसूत्री पेशी पाहिल्या, १८४८ मध्ये सुमिन्स्कीने मादी अवयव पाहिले, आणि १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टरने मॉस, नेचे, सूचिपर्णी झाडं सगळ्यांना एका सूत्रात बसवलं की या सगळ्यांमध्ये दोन पिढ्या आलटून पालटून येतात. हा माणूस तेव्हा २७ वर्षांचा, युनिव्हर्सिटीची डिग्री नाही, वडिलांच्या संगीताच्या प्रकाशनाच्या धंद्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप घेऊन बसायचा. डार्विनचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षं होती. पुढे त्याला थेट प्रोफेसर केलं. जीवशास्त्रातल्या मोठ्या शोधांच्या यादीत हे नाव मुलांना माहीत असायला हवं, नसतं.

काही ठिकाणी तर हे मधलं झाड एकटंच राहतं. अमेरिकेच्या अपॅलेशियन डोंगरात एक नेचा आहे, व्हिटारिया अपॅलाशियाना, त्याचा मोठा वाढलेला नेचा निसर्गात सापडतच नाही, नुसते प्रोथॅलस आहेत, खडकांच्या कपारीत पसरलेले, कडेला बारीक कळ्या येतात त्या तुटून नवीन प्रोथॅलस होतात. युरोपातला किलार्नी फर्न तसाच, अनेक जागी त्याची फक्त ही छोटी पिढी टिकून आहे आणि ती मॉस किंवा शेवाळ समजून लोक वर्षानुवर्षं ओलांडून गेले. लायकोपोडियम ही पण बिनबियांची वनस्पती, तिच्या कुळातल्या बऱ्याच जातींत ही पिढी जमिनीखाली राहते, हिरवी सुद्धा नाही, बुरशीकडून अन्न घेते आणि वयात यायला तिला अनेक वर्षं लागतात. मग सांगा, ही फक्त मधली अवस्था म्हणायची का. कीटकाची अळी म्हणतात तसं काही लोक म्हणतात, ते बरोबर नाही, अळीचंच फुलपाखरू होतं, प्रोथॅलसचा नेचा होत नाही, प्रोथॅलसला नेचा होतो.

अपवाद आहेत तेही सांगते, नाहीतर कोणी तरी लिहील. काही नेचे फलन टाळतात, टेरिस क्रेटिकामध्ये हे १८७४ मध्ये फार्लोने पाहिलं, प्रोथॅलसच्या साध्या पेशींमधूनच नेचा फुटतो, पाणी लागत नाही, शुक्रपेशी लागत नाही. अशा नेच्यांच्या बीजाणुधानीत बहुतेकदा ६४ ऐवजी ३२ बीजाणू असतात, म्हणजे नुसते मोजून अंदाज येतो. काही नेच्यांच्या पानाचं टोक जमिनीला लागलं की तिथेच नवीन रोप येतं. पण बीजाणूचा रस्ता धरला की मधलं झाड येतंच, त्याला अपवाद नाही.

मॉसमध्ये हेच उलटं बसतं. मॉसचा जो हिरवा मऊ गालिचा दिसतो तीच लिंगपेशी तयार करणारी पिढी, नेच्याच्या प्रोथॅलसच्या जागची, आणि तिच्यावर ज्या बारीक काड्या उभ्या राहतात, टोकाला बोंड असलेल्या, ती बीजाणू देणारी पिढी, आयुष्यभर आईच्या अंगावरच. इथेही शुक्रपेशी पाण्यातून जाते, आणि २००६ मध्ये असंही दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक जीव मॉसच्या शुक्रपेशी एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेतात. स्फॅग्नम मॉसचं बोंड उन्हात वाळून आकसतं, आतल्या हवेचा दाब वाढतो, झाकण उडतं आणि बीजाणू दहा सेंटिमीटरच्या वर फेकले जातात, हवेचं वलय करत. मार्केंशिया या लिव्हरवर्टला, म्हणजे मॉससारख्याच जमिनीलगतच्या बिनबियांच्या वनस्पतीला, वर बारीक वाट्या असतात, त्यात पावसाचा थेंब पडला की आतल्या चकत्या उडून नवीन रोपं होतात, तो बिनलिंगी मार्ग, बीजाणूचा मार्ग वेगळा. हॉर्सटेल म्हणजे इक्विसेटम, ही पण बिनबियांचीच वनस्पती, तिच्या प्रत्येक बीजाणूला चार फिती असतात, दमट हवेत गुंडाळतात, कोरड्या हवेत पसरतात, आणि त्या उघडमिटीत बीजाणू जागचा हलतो, कधी उडीही मारतो. स्लाइडवर ठेवून हळूच श्वास सोडा, डोळ्यांसमोर गुंडाळतात.

सिलाजिनेला आणि मार्सिलिया या दोन बिनबियांच्या वनस्पतींबद्दल तुमच्या लेखात फक्त नावं होती, पण बी कुठून आली हे समजायचं तर थांबायला इथे हवं. यांच्यात बीजाणू दोन प्रकारचे, मोठे आणि बारीक. मोठ्यातून मादी रोप, बारकातून नर, आणि ही रोपं बीजाणूच्या बाहेर जवळजवळ येतच नाहीत, आतल्या आत तयार होतात. मार्सिलियाचं कठीण बोंड एका बाजूने थोडं घासून पाण्यात टाकलं की त्यातून जेलीसारखा पट्टा बाहेर येतो, त्याला बीजाणूंच्या पिशव्या लटकलेल्या, आणि काही तासांत शुक्रपेशी पोहायला लागतात, एका प्रॅक्टिकलच्या दिवसात सगळं बघून होतं. आता कल्पना करा की मोठा बीजाणू सोडलाच नाही, आईच्याच अंगावर ठेवला, त्याच्याभोवती आवरण आलं, आणि बारका बीजाणू वाऱ्याने तिथपर्यंत आला. हीच बीकडे जाणारी वाट. परागकण म्हणजे बीजाणूपासून झालेलं नर रोप, दोन-तीन पेशींचं. फुलाच्या बीजांडात जो भ्रूणकोश असतो, सात पेशींचा, तेच मादी रोप, म्हणजे तोच आपला प्रोथॅलस, लहान होत होत आत गेलेला. १८९६ मध्ये जपानच्या हिरासेने गिंकोमध्ये पोहणारी शुक्रपेशी पाहिली, बी असलेल्या झाडात, तेव्हा ही साखळी डोळ्यांना दिसली. म्हणून मी म्हणते की नेच्यातलं मधलं झाड गाळलं तर फूलही नीट समजत नाही, परागकणाला नर पेशी समजून बसतात मुलं, आणि तसं लिहिलेलं मी किती तरी ठिकाणी वाचते.

अजून एक, 'मागासलेल्या वनस्पती' हा शब्द कृपा करून वापरू नका. १८८३ मध्ये क्राकाटोआ बेटाचा स्फोट होऊन सगळं राखेखाली गेलं, १८८६ मध्ये ट्रॉइब नावाचे वनस्पतीतज्ज्ञ तिथे गेले तर नेच्यांच्या ११ जाती येऊन राहिल्या होत्या. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले त्या थराच्या लगेच वर उत्तर अमेरिकेच्या खडकांत नेच्यांच्या बीजाणूंचा भरणा आहे, बाकीचं जंगल परत यायच्या आधी जमीन त्यांनी धरली. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या छोट्याशा नेच्याच्या पेशीत १२६० गुणसूत्रं मोजली गेली आहेत, आपल्यात ४६. आज जगात नेच्यांच्या दहा हजारांच्या वर जाती आहेत, त्यातल्या बऱ्याचशा फुलझाडं आल्यानंतर, त्यांच्या सावलीत वाढल्या. याला मागास कसं म्हणायचं मला कळत नाही.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत नेच्याचं जीवनचक्र परत छापा, प्रोथॅलस त्यात खऱ्या मापात दाखवा आणि शेजारी मोठा करून दाखवा, कारण पुस्तकांत तो पानाएवढाच मोठा काढतात आणि मुलांना मापच कळत नाही. आणि जमलं तर शाळांसाठी एवढी चौकट द्या, लागणारं सामान काहीच नाही. ठिपके तपकिरी झालेलं पान पांढऱ्या कागदावर ठिपके खाली करून रात्रभर ठेवायचं, वारा लागू द्यायचा नाही, सकाळी कागदावर धूळ दिसते. ठिपके हिरवे असतील तर अजून पिकले नाहीत आणि नुसती रिकामी टरफलं पडत असतील तर उशीर झाला. कागद तिरका करून हळूच टिचकी मारली की टरफलं आधी घसरतात, बारीक धूळ मागे चिकटून राहते, ती हवी. माती उकळत्या पाण्याने भिजवून थंड करायची, नाहीतर बुरशी आणि शेवाळ आधी येतात, झाकणाच्या पारदर्शक डब्यात ती भरायची, धूळ अगदी विरळ पेरायची, झाकण लावून उजेडात ठेवायचं पण ऊन नको. काही आठवड्यांत हिरवी झाक येते, दोन-तीन महिन्यांत बदाम दिसतात. तोपर्यंत झाकण उघडायची घाई करू नये. आणि बदाम दिसले तरी नेचा येत नसेल तर बहुतेकदा कारण एकच असतं, वरून पाणी दिलेलं नसतं, नुसती दमट हवा पुरत नाही, त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारून रोपं काही वेळ भिजलेली राहिली पाहिजेत, म्हणजे शुक्रपेशींना पोहता येईल. मग दोन-तीन आठवड्यांनी खाचेजवळ बघत राहायचं.

आपली,
एक वाचक, जीवशास्त्राची शिक्षिका